बाळंतिणीचं मन आजारी पडतं तेव्हा: ओळखायचं कसं आणि मुंबईत मदत मागायची कुठे

दीड महिन्याच्या डोसला लेकीला घेऊन गेले तेव्हा सिस्टरनं तिचं वजन केलं. 4 किलो 200 ग्रॅम. कार्डावर लिहिलं, मांडीला सुया टोचल्या, तोंडात थेंब घातले आणि विचारलं, "अंगावरचं पिते ना?" मी मान हलवली. "मग उत्तम. आता पुढचा डोस अडीच महिन्यांची झाली की."

तेव्हा मला 11 दिवस नीट झोप लागलेली नव्हती. लेक शांत झोपलेली असायची तेव्हाही नाही. पंख्याकडे बघत पडून राहायचं, पहाटे पहिल्या लोकलचा आवाज आला की अजून एक रात्र गेली एवढं कळायचं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं कोणी, कारण विचारायचं म्हणजे नेमकं काय, हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

ओळखलं ते मालीशवाल्या मावशींनी. त्या भांडुपहून मुलुंडला यायच्या आणि सकाळी चार घरं करायच्या. लेकीला तेल लावून, आंघोळ घालून, दुपट्यात घट्ट गुंडाळून माझ्या हातात द्यायच्या. एक दिवस त्या स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना म्हणाल्या, "वहिनी पोरीला घेतात, पण तिच्याकडं बघत नाहीत. पाच दिवस झाले बघतीय मी. डाक्टरला दाखवा."

मावशींना जे दिसलं त्याला डॉक्टर पोस्टपार्टम डिप्रेशन म्हणतात, मराठीत प्रसूतिपश्चात नैराश्य. मी त्याला बाळंतपणातलं नैराश्य म्हणते, म्हणजे घरात बोलताना जीभ अडखळत नाही. हा आजार आहे आणि उपचारानं तो बरा होतो. बरं व्हायला मला तीन वेगवेगळ्या गोष्टी लागल्या: झोप, बोलायला माणूस आणि डॉक्टर. घरच्यांना प्रामाणिकपणे वाटत असतं की यातली एक मिळाली की बाकीच्या दोघींचं काम भागेल. भागत नाही. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

रडू येणं, नैराश्य आणि त्यापलीकडचं

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्याहून जास्त बायकांना कारण नसताना रडू येतं. भेटायला आलेली आत्या "दमलीस गं" म्हणाली तरी डोळे भरतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं खूप वर चढलेली असतात. वार पडली की काही दिवसांत ती एकदम खाली येतात. त्यात टाके दुखत असतात, दूध भरून छाती दगडासारखी झालेली असते, झोपेचे तुकडे पडलेले असतात. या रडण्याला बेबी ब्लूज म्हणतात. ते साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, प्रेमानं वागवणारं घर लागतं.

दोन आठवडे उलटूनही मन वर येत नसेल, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी, अगदी बाळ आठ महिन्यांचं झाल्यावरही ते पुन्हा बुडायला लागलं, तर ते नैराश्य असू शकतं. बाळाच्या पहिल्या वर्षात ते कधीही सुरू होऊ शकतं. कितीतरी जणींना तर गरोदरपणातच सुरुवात झालेली असते आणि सगळं "पोट जड झालंय म्हणून" या नावाखाली झाकलं जातं.

आपल्याकडची बाई "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. ती म्हणते, डोकं जड आहे. हातापायांत जीव नाही. छातीत धडधडतं. जेवण घशाखाली उतरत नाही. सगळ्यांवर चिडचिड होते आणि मग त्या चिडचिडीचीच लाज वाटते. माझ्याशिवाय हे बाळ जास्त सुखात राहील. हे शेवटचं वाक्य कोणी बोललं तर हातातलं काम खाली ठेवून तिच्याजवळ बसा. आणि सगळ्यांत सोपी खूण म्हणजे बाळ झोपलेलं, घर शांत, कोणी त्रास देत नाही, तरी आईला झोप येत नाही. दमलेलं शरीर अंथरुणाला पाठ टेकताच झोपतं. दमलेलं असूनही ते झोपत नसेल, रात्रीमागून रात्री तसंच चालू असेल, तर नुसत्या थकव्याच्या पलीकडे काहीतरी आहे.

तिसरी अवस्था क्वचित येते, 1000 बाळंतिणींमागे एखाद-दुसरीला, पण ती तातडीची असते. तिला प्रसूतिपश्चात मनोविकृती म्हणतात. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच, काही तासांत किंवा दिवसांत बाई बदलते. झोप जवळजवळ बंद होते पण थकवा दिसत नाही, भराभरा असंबद्ध बोलते, कोणाचे तरी आवाज ऐकू येतात, हे बाळ माझं नाही, बदललंय, त्याच्यात देव आलाय किंवा काही वाईट आलंय असं तिला खरंच वाटतं. तिला स्वतःला किंवा घरात कोणाला पूर्वी बायपोलर आजार (मन कधी प्रचंड उत्साहात, तर कधी खोल नैराश्यात जाणं) झाला असेल तर धोका जास्त असतो. घरची मोठी माणसं अशा वेळी "बाहेरचं लागलं" म्हणतात. दृष्ट काढायची तर काढा, मीठमोहऱ्या ओवाळायला दोन मिनिटं लागतात. पण त्यानंतर लगेच रिक्षा बोलवा किंवा 108ला फोन करा आणि मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा. उद्या सकाळपर्यंत थांबायचं नाही. तोवर आईला एकटं ठेवू नका आणि बाळासोबतही एकटं ठेवू नका. उपचार मिळाले की या अवस्थेतूनही बायका पूर्ण बऱ्या होतात.

ते विचार, जे कोणीच बोलून दाखवत नाही

इथे जरा थांबते, कारण मी याच ठिकाणी सगळ्यांत जास्त दिवस अडकले होते.

आमचं घर सातव्या मजल्यावर. गॅलरीला वरपासून खालपर्यंत ग्रिल आहे, मांजरसुद्धा बाहेर जाणार नाही. तरी लेकीला घेऊन दुपटी वाळत घालायला गेले की डोळ्यांसमोर चित्र यायचं, ती माझ्या हातून सुटतेय. मी लंगोट-दुपटी गॅलरीत वाळत घालणं बंद केलं. मग गॅलरीचं दार बंद ठेवायला लागले. मग पाळणा दारापासून ओढून आतल्या भिंतीशी नेला. सुरी दिसली की तेच. सासूबाई कोथिंबीर निवडायला बसल्या की मी लेकीला घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. मला वाटायचं, आपण राक्षसीण आहोत, हे कोणाला कळलं तर बाळ काढून घेतील.

डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला. "हा विचार आला की तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, भीतीनं अंग गार पडतं. त्या म्हणाल्या, असे नको असलेले विचार खूप आयांच्या मनात येतात, अगदी धडधाकट आयांच्यासुद्धा. मन नव्या बाळाभोवतीचा प्रत्येक धोका शोधत फिरतं. नैराश्यात आणि चिंतेत हे शोधणं थांबतच नाही. ज्या विचारानं आई हादरते, तो विचार ती करून टाकेल असं मानायचं कारण नसतं. मनोविकृतीत नेमकं उलट होतं: तो विचार योग्य वाटतो, कोणीतरी आज्ञा दिल्यासारखा वाटतो, भीती वाटत नाही. हा फरक डॉक्टर दहा मिनिटांत ओळखू शकतात, पण आपण तोंड उघडलं तर. मी सहा आठवडे उघडलं नव्हतं.

हे कोणाला होतं

2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातल्या 38 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात 20 हजारांहून जास्त आया होत्या आणि साधारण 22 टक्क्यांमध्ये या नैराश्याची लक्षणं आढळली. म्हणजे डोसच्या रांगेत पाच जणी उभ्या असतील तर त्यांतली एक. गोव्यात झालेला आणि 2002 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर आपल्या घरांचंच वर्णन वाटावा असा आहे. तिथे 23 टक्के आयांना बाळ दीड-दोन महिन्यांचं असताना नैराश्य होतं. त्यांतल्या बहुतेकींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झाला होता. निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या नव्हत्या. पैशांची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं या दोन गोष्टींनी धोका वाढत होता. मुलगी झाली की या धोक्यांचा भार आणखी जड होत होता.

बारशाला आलेलं कोणी "पहिली बेटी, धनाची पेटी" म्हणतं तेव्हा त्यामागे कधीकधी लपवलेला सुस्कारा असतो. बाळंतिणीला तो ऐकू येतो. तिचं अंग कच्चं असतं तसंच मनही. ज्याला असा सुस्कारा टाकायचा असेल त्याला घरच्यांनी दारातच आवरावं.

शरीराची कारणंही विसरू नका. रक्त कमी असेल तर माणूस असाच गळून जातो, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. बाळंतपणानंतर काही जणींची थायरॉइडची ग्रंथी बिघडते, तिची लक्षणंही नैराश्यासारखीच असतात. म्हणून हिमोग्लोबिन आणि टीएसएच या दोन रक्ततपासण्या पहिल्याच भेटीत मागून घ्या.

मुंबईचं म्हणून एक वेगळं ओझं आहे. पूर्वी बाळंतीण माहेरी जायची. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, मालीश, बाळंतकाढा, सव्वा महिना पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. आपल्या बायकांनी ही व्यवस्था फार विचारानं उभी केली होती, माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण ती शरीरासाठी होती आणि सव्वा महिन्यात संपायची. नैराश्याचा जोर नेमका त्यानंतर वाढतो. आई साताऱ्याला परत जाते, नवरा सकाळी 7.50ची लोकल पकडून रात्री 9ला येतो, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि वन-बीएचकेत आई आणि बाळ दिवसाचे 13 तास एकमेकांकडे बघत राहतात. भरल्या घरातही तेच होतं. चाळीत दहा माणसं येऊन बाळाला खेळवून जातात आणि आईला आंघोळीला बाथरूम मिळायला दुपारचे दोन वाजतात.

पहिली गोष्ट: झोप

दिवसभरात तुकड्यातुकड्यांत मिळून सहा तास झोप झाली, हा हिशोब मनाला चालत नाही. त्याला रोज एकदा तरी सलग 4 ते 5 तास लागतात. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवरच ते लिहून दिलं होतं, आणि मला वाटतं घरच्यांनी ते पाळलं ते चिठ्ठीवर होतं म्हणूनच. रात्री 9ला मी लेकीला पाजायचे आणि दार लावून आत झोपायचे. मधलं एक दूध नवरा वाटी-चमच्यानं द्यायचा, संध्याकाळी काढून ठेवलेलं. लेकीचं रडणं ऐकून सुरुवातीला मी दोनदा उठून बाहेर आले. दोन्ही वेळा सासूबाईंनी हात धरून परत आत नेलं.

दूध काढून पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारून एक वेळ वरचं द्या. हे लिहिताना मला माहीत आहे की कोणीतरी रागावेल. आईचं दूध सर्वोत्तम, यात वादच नाही. पण आईला दूध पुरत नाही, देता येत नाही, अशी वेळ येते हे वैद्यकशास्त्रानं केव्हाच मान्य केलंय. आशियातली पहिली मानवी दुधाची पेढी 1989 साली आपल्याच सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं सुरू झाली, ती अशाच आजारी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. "दूध आटलं म्हणजे आईची माया आटली" असं बोलणाऱ्या बाईला बाळंतिणीच्या खोलीत येऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट: बोलायला माणूस

हा माणूस सल्ला देणारा नको. "आम्ही नाही का चार-चार पोरं काढली" हे वाक्य सासूबाईंनी एकदाच म्हटलं आणि मी पुढचे पंधरा दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. नंतर त्या स्वतःच म्हणाल्या की त्या चार पोरांच्या वेळचं त्यांना फारसं आठवतच नाही, दुसऱ्याच्या वेळचं तर काहीच नाही. त्या दिवशी आम्ही दोघी रडलो. त्यानंतर दुपारचा चहा आम्ही एकत्र घ्यायला लागलो, बाळ पाळण्यात आणि विषय कुठलाही.

बाळंतिणीला "कशी आहेस?" विचारलं की ती "बरी आहे" म्हणणार. त्याऐवजी असं विचारा: काल रात्री किती झोपलीस? जेवण जातंय का? कशाची भीती वाटते का? सकाळी उठताना कसं वाटतं? उत्तर आलं की लगेच उपाय सांगू नका. थोडा वेळ नुसतं ऐका.

ऐकण्यात किती ताकद असते याचा पुरावा शेजारच्याच देशातला आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांमध्ये आपल्या आशाताईंसारख्याच आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण दिलं गेलं. त्या नैराश्यातल्या आयांकडे ठरलेल्या भेटींना जायच्या, ऐकायच्या, "बाळ रडतं म्हणजे मी वाईट आई" अशा विचारांकडे वेगळ्या तऱ्हेनं बघायला शिकवायच्या, घरच्यांनाही सामील करून घ्यायच्या. 2008 साली याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर या आयांपैकी 23 टक्के नैराश्यात होत्या, आणि नुसत्या साध्या भेटी मिळालेल्या दुसऱ्या गटात 53 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनं पुढे ही पद्धत जगभरासाठी स्वीकारली.

घरात असा माणूस नसेल तर फोनवर आहे. केंद्र सरकारची टेलीमानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022ला सुरू झाली. 14416 हा नंबर फिरवायचा, मराठी निवडायची. फोन फुकट आहे आणि रात्री अडीचलाही कोणीतरी उचलतं. आपलं नाव सांगण्याची सक्ती नाही. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवाही 2012पासून फोनवर चालते आहे. एका वेळेला बोलून सगळं संपेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण पहिलं वाक्य अनोळखी माणसाला सांगणं कधीकधी सोपं जातं. मला गेलं.

नवऱ्याबद्दल दोन शब्द. नव्या बापांनाही नैराश्य येतं, साधारण दहातल्या एकाला. तो उशिरा घरी येतो, मोबाइलमध्ये डोकं घालतो, चिडतो, आणि सगळे म्हणतात जबाबदारी घेत नाही. त्यालाही तेच प्रश्न विचारा.

आणि ज्या घरात नवऱ्याचा हात उठतो तिथे झोप आणि समुपदेशन यांच्याआधी सुरक्षितता येते. 181 हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, तातडीसाठी 112. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात घरातली हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी "दिलासा" हे केंद्र 2000 सालाच्या सुमारास महापालिका आणि सेहत या संस्थेनं मिळून उभं केलं आणि नंतर महापालिकेच्या इतरही हॉस्पिटलांमध्ये त्याची केंद्रं निघाली. बाळाला दाखवायला म्हणून हॉस्पिटलात जाऊन तिथे बोलता येतं, घरी वेगळं कारण सांगावं लागत नाही. डॉ. फर्नांडिस यांनीच 1999 साली सुरू केलेली स्नेहा ही संस्थाही धारावीसारख्या वस्त्यांमध्ये आई-बाळाचं आरोग्य आणि घरातली हिंसा या दोन्ही प्रश्नांवर काम करते.

तिसरी गोष्ट: डॉक्टर

पहिल्यांदा जिनं बाळंतपण केलं त्या डॉक्टरकडे जा, किंवा बाळाच्या डॉक्टरला सांगा. ते मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी देतील. चिठ्ठीशिवाय थेटही जाता येतं. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर आणि भायखळ्याचं जे. जे. या सगळ्या सरकारी-महापालिका हॉस्पिटलांमध्ये मानसोपचार विभाग आहे. बाळंतपण परळच्या वाडियात झालं असेल तर केईएम जवळच आहे. सकाळी लवकर पोचायचं, केसपेपर काढायचा, खिडकीवर "मानसोपचार ओपीडी" म्हणायचं. केसपेपरला नाममात्र पैसे लागतात. बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं आणि एक सोबतचं माणूस बरोबर न्या. रांग लांब असते. बाळाला पाजायचं असतं, लंगोट बदलायचा असतो, म्हणून ते सोबतचं माणूस फार गरजेचं आहे. बाळाला घरी ठेवून जायची गरज नाही. डॉक्टरांना आई-बाळ एकत्र बघायला मिळालं तर उलट बरंच.

आत गेल्यावर शब्द सुचत नाहीत. मी चिठ्ठीवर लिहून नेलं होतं: झोप नाही, 11 दिवस. रडू येतं. बाळाबद्दल भीतीचे विचार येतात. जगावंसं वाटत नाही असं दोनदा वाटलं. ती चिठ्ठी मी नुसती पुढे केली.

बऱ्याच ठिकाणी डॉक्टर 10 प्रश्नांचा एक कागद देतात. एडिंबरा मापनपट्टी असं त्याचं नाव, 1987 साली स्कॉटलंडमध्ये बनली. गेल्या 7 दिवसांत हसू आलं का, उगाच स्वतःला दोष दिला का, घाबरल्यासारखं झालं का, झोप लागेना इतकं दुःख झालं का, असे साधे प्रश्न. प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 10-12च्या पुढे गेली की डॉक्टर सविस्तर तपासतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्याला "कधीच नाही" सोडून दुसरं कुठलंही उत्तर असलं तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी बोलणं होतं. या कागदानं आजार ठरत नाही, तो ठरवतात डॉक्टर. पण बोलायला सुरुवात होते.

त्रास हलका असेल तर समुपदेशन पुरतं. जास्त असेल तर गोळ्या लागतात. पहिला प्रश्न प्रत्येक आईचा असतो, दुधातून बाळाला जाईल का? काही औषधं अशी आहेत की ती दुधात अगदी थोड्या प्रमाणात उतरतात. सर्ट्रालीन हे त्यातलं बराच अभ्यास झालेलं औषध आहे आणि पाजणाऱ्या आयांना ते नेहमी दिलं जातं. कोणतं औषध, किती, हे डॉक्टरच ठरवतील. आपण फक्त "मी पाजते" हे ठळकपणे सांगायचं. पूर्वी कधी अंगात अचानक प्रचंड उत्साह, झोप न घेता दिवसच्या दिवस धावपळ, उधळपट्टी असं झालं असेल तर तेही सांगायचं, कारण मग औषध वेगळं लागतं.

गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. या दिवसांत घरचे म्हणतात, "काही फरक नाही, बंद कर." बंद करू नका. बरं वाटायला लागल्यावरही काही महिने चालू ठेवायची असते, साधारण सहा किंवा त्याहून जास्त, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करायची. मी तिसऱ्या महिन्यात स्वतःच्या मनानं सोडली आणि तीन आठवड्यांत परत तिथेच पोचले.

"रेकॉर्डवर येईल", "बाळ काढून घेतील" ही भीती मीही पोटात बाळगली होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा त्यात हक्क आहे. आईला मानसिक आजारासाठी दाखल करावं लागलं आणि तिचं बाळ 3 वर्षांच्या आतलं असेल, तर एरवी त्याला तिच्यापासून वेगळं करायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. बाळाला धोका असेल तरच, आणि तेही तेवढ्यापुरतं. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं हेही त्याच कायद्यात आहे.

नोकरी असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा असते हे बहुतेकींना माहीत असतं. पण बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी, दाखला दिला तर, त्याच्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते हे फार थोड्या जणींना माहीत आहे. डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घेऊन एचआरला द्या. घरकाम करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या बायकांना असली रजा मिळत नाही, त्या एकविसाव्या दिवशी कामावर दिसतात. आपल्या घरी अशी कोणी येत असेल तर तिला पगारी सुट्टी देणं आणि "झोप लागते का?" विचारणं हे आपल्या हातात आहे.

पुढचं बाळंतपण

एकदा हा आजार झाला की पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता वाढते. म्हणून दुसऱ्यांदा दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला सांगायचं. गोळी चालू ठेवायची का, बाळंतपणानंतर कोण राहायला येणार, रात्रीचं दूध कोण देणार, मानसोपचाराची पहिली भेट कितव्या आठवड्यात, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवता येतं.

आमच्या कपाटात प्लॅस्टिकची एक निळी पिशवी आहे. तिच्यात लेकीचं लसीकरणाचं कार्ड आहे आणि त्याच्यामागे माझा केसपेपर, औषधाच्या चिठ्ठ्या आणि मी डॉक्टरांपुढे ठेवलेली ती चार ओळींची चिठ्ठी. नवव्या महिन्यात गोवराच्या सुईला गेलो तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून आधी माझे कागद काढून टेबलावर ठेवले आणि सिस्टरला म्हणाल्या, "हिचंही बघा."